पांढरे ठिपके, उवा आणि जांभ्याचा हौद

मासा हाताला बुळबुळीत लागतो. ही बुळबुळ म्हणजे त्याचे चिलखत. खवले सगळ्यात बाहेर असतात असे आपल्याला वाटते, पण खवल्यांवरूनही जिवंत पेशींचा पातळ पापुद्रा गेलेला असतो आणि त्यावर हा चिकट लेप. कोरड्या हाताने किंवा खरखरीत जाळीने मासा धरला की दोन्ही खरवडून निघतात, आणि तिथेच पुढे कापसासारखी बुरशी दिसू लागते.

जूनच्या सरी कोसळल्या की कोकणातल्या अंगणातल्या हौदांत दोन गोष्टी एकदम घडतात. मेमध्ये तिशी ओलांडलेले पाणी काही दिवसांत २५-२६ अंशांवर येते. शिवाय कौलांच्या पागोळ्या थेट हौदात गळत असतील, तर जवळजवळ क्षारच नसलेले पाणी त्यात मिसळत राहते. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी मुळातच मऊ. ते आणखी पातळ झाले की सामू, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा आकडा (पीएच), स्थिर राहत नाही, मासा अशक्त होतो, आणि नेमके हेच तापमान पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला, म्हणजे 'इक'ला, मानवते. त्यामुळे पागोळ्या पन्हळ लावून बाहेर वळवणे हाच पहिला उपचार. सामू तरीही रोज वरखाली होत असेल तर १००० लिटरला ३० ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून घालावा.

ठिपके नीट पाहा. इकचे ठिपके रव्याच्या कणाएवढे, अंगभर विखुरलेले असतात. गोल्डफिशच्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेला ओळीने आलेले पांढरे कण मात्र विणीच्या हंगामाची खूण. तिथे औषध ओतून माशाला छळू नये.

इकचा ठिपका म्हणजे त्वचेत शिरून बसलेला एकपेशीय परजीवी. उपाय म्हणून पाण्यात घातलेले मीठ तिथे त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोसला की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि एकाचे शेकडो होतात. ही पिल्ले पोहत मासा शोधतात आणि दोनेक दिवसांत तो मिळाला नाही तर मरतात. मीठ मारते ते या पोहणाऱ्या पिल्लांना. तिसऱ्या दिवशी ठिपके दिसेनासे झाले म्हणून पाणी बदलणारे इथेच फसतात: ठिपके बरे झालेले नसतात, तळाशी वाढत असतात.

मिठाचे प्रमाण लिटरला ३ ग्रॅम. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल पाणी म्हणजे ४५०० लिटर, त्याला साडेतेरा किलो जाडे मीठ. रोज साडेचार किलो असे तीन दिवसांत घाला, तेही बादलीत विरघळवून, कारण तळाशी पडलेल्या मिठाच्या ढिगावर टेकलेला मासा भाजतो. कमळे, लिली आधी बाहेर काढा. दोन आठवडे ही मात्रा टिकवायची आहे. हौद ओसंडून वाहिला तर मीठही वाहून जाते, तेव्हा वर ताडपत्री बांधा आणि हवेचा पंप सुरू ठेवा. मिठाऐवजी खाडीचे पाणी नको. पावसाळ्यात त्याचा खारेपणा भरतीओहोटीगणिक बदलतो, आणि त्यातून काय जीव येतील याचा नेम नाही.

मासा अंग घासत असेल, उसळी मारत असेल आणि त्याच्या अंगावर मसुराएवढी, पारदर्शक, सरकणारी चकती दिसली, तर ती अर्गुलस, म्हणजे माशाची ऊ. ती चावते तिथे लाल डाग पडतो आणि त्यातून जिवाणू शिरून व्रण होतो. दोन-चार उवा ओल्या हाताने चिमट्याने काढता येतात. खरी अडचण अंड्यांची. मादी मासा सोडून कडक पृष्ठभागावर अंड्यांच्या पट्ट्या चिकटवते आणि कोकणातल्या उबदार पाण्यात ती सुमारे दोन आठवड्यांत फुटतात. गिलावा नसलेल्या जांभ्याच्या भोकाभोकांत ती खरवडताही येत नाहीत. अशा हौदात मादीने अंडी तिथे घालावीत म्हणून गडद रंगाची फळी उभी सोडावी, दर चार-पाच दिवसांनी बाहेर काढून खरवडावी आणि कडक उन्हात वाळवून पुन्हा सोडावी. शक्य असेल तेव्हा हौद उपसून आठवडाभर सुकवावा.

या उवा बऱ्याचदा घरचेच आणतात. चढणीच्या दिवसांत, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला मासे प्रवाहाविरुद्ध शेतात चढतात तेव्हा, पोरे शेतातले छोटे मासे हौसेने हौदात सोडतात. त्यांच्याबरोबर लाल चट्ट्यांपासून खोल व्रणांपर्यंत जाणारा, ॲफॅनोमायसिस नावाच्या बुरशीसदृश जिवाचा रोगही येऊ शकतो. कोईला, म्हणजे रंगीत शोभेच्या कार्प माशाला, तो सहसा होत नाही, गोल्डफिशला होतो. नवा मासा, शेतातला असो वा दुकानातला, वेगळ्या टबात २१ दिवस ठेवा, आणि त्या टबाची जाळी हौदात घालू नका.