स्वतंत्र विचार की नुसता उलटा विचार?

चारचौघांची री न ओढणारा माणूस भेटला की त्याला ‘स्वतंत्र विचारांचा’ म्हणून आपण मोकळे होतो. त्यातले पुष्कळसे नुसते उलटं बोलणारे असतात. वरून ओळखू येत नाहीत, कारण ‘नाही’ दोघेही म्हणतात. ते म्हणण्याआधी कोणी काय तपासलं, तिथे फरक कळतो.

वडोदऱ्यातला पावसाळा घ्या. शहराबाहेर आजवा जलाशय, शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर निरोप येतो: ‘आजव्याचं पाणी सोडलंय, पहाटेपर्यंत आपल्याकडे.’ एक जण न वाचताच पुढे ढकलतो. दुसरा ‘दरवर्षीच्या अफवा’ म्हणून गाडी तळघरातच ठेवून झोपतो. दोघांनी पाहिलं एवढंच, की लोक काय म्हणतायत. उद्या ग्रुप ‘काही होत नाही’ म्हणू लागला, तर हाच दुसरा गृहस्थ पुराची भीती घालायला पुढे असेल. गर्दीवाचून त्याचंही पान हलत नाही.

स्वतंत्र विचार करणारा आधी आकडा मागतो, आणि कोणता मागायचा हे त्याला ठाऊक असतं. काळा घोडा पुलापाशी विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फूट. आजव्याचा आकडा दोनशे दहाच्या आसपास असतो. तेही फूटच, पण मोजणी वेगळी. या दोहोंची सरमिसळ झाली की निम्मी घबराट तिथेच सुरू होते. मग पुढचे प्रश्न. आत्ता पातळी किती, तासाभरापूर्वी किती होती? नदी जिथून येते त्या पावागढ डोंगराकडे पाऊस चालू आहे का? आजव्यातून सुटलेलं पाणी शहरात पोचायला काही तास लागतात, तर ते सुटलं कधी? 2024च्या ऑगस्टमध्ये पातळी 35 फुटांच्या वर गेली, तेव्हा आपल्या गल्लीत पाणी कुठवर होतं? समा आणि मांडवी या शहराच्या दोन भागांचं उत्तर एक नसणार. एवढं करून तो कदाचित ग्रुपचंच म्हणणं मान्य करेल आणि गाडी उंचावर नेऊन लावेल. स्वतंत्र विचाराचं उत्तर वेगळंच निघालं पाहिजे, असं कुठे आहे?

घोटाळा बहुधा क्रमात होतो: आधी ऐकतो, मग विचार करतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी 1950च्या दशकात गटात बसवून रेघांची लांबी ओळखायला लावणारे प्रयोग केले. इतरांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं, तेव्हा सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यामागे गेली. त्या इतरांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी हे प्रमाण झपाट्याने खाली आलं. म्हणून सोसायटीच्या बैठकीत गळक्या टाकीचा निर्णय असेल, तर चर्चेआधी प्रत्येकाने आपलं मत आणि एक कारण चिठ्ठीवर लिहावं, आणि अध्यक्षकाकांनी सगळ्यांत शेवटी बोलावं. काकांना हे रुचत नाही, ती गोष्ट निराळी.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या बाबतीत बडोदा संस्थानच्या सयाजीरावांनीही रूढ मताविरुद्ध नुसता फतवा काढला नाही. 1893मध्ये आधी अमरेली तालुक्यात करून पाहिलं, 1906मध्ये संस्थानभर लागू केलं. चाकोरीबाहेरचं मत असंच छोट्या जागी घासून पाहता येतं.

समोरचा स्वतंत्र विचाराचा की नुसता उलटा हे कळत नसेल, तर विचारा: ‘काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल?’ एक म्हणेल, ‘काळा घोड्याला 24 झाले आणि अजून चढत असेल, तर गाडी काढतो.’ दुसरा विषय बदलेल, नाहीतर तुमच्या भित्रेपणावर बोलेल.