आधी काय मारेल, ते आधी

अपघातातला माणूस कॅज्युअल्टीत आला की सगळ्यांचे डोळे सर्वांत भयानक दिसणाऱ्या जखमेकडे जातात. नडगीचं हाड बाहेर आलेलं असतं, नातेवाईक तेच दाखवत असतात. पण त्याच वेळी त्याच्या छातीत हवा कोंडत चाललेली असू शकते. ही हवा फुप्फुस चेपते, हृदयाकडे परतणारं रक्त अडवते आणि काही मिनिटांत जीव घेते. नडगी तेवढा वेळ थांबू शकते. आघात-उपचारांचं प्रशिक्षण मुळात नजरेची ही ओढ मोडण्यासाठी असतं.

या प्रशिक्षणाचा जन्म अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, एका शेतात झाला. फेब्रुवारी 1976 मध्ये जेम्स स्टायनर हे अस्थिशल्यचिकित्सक स्वतः चालवत असलेलं छोटं विमान तिथे कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं गंभीर जखमी झाली. जवळच्या लहान रुग्णालयात पोहोचल्यावर तिथल्या लोकांना कशापासून सुरुवात करायची हेच ठाऊक नसल्याचं स्टायनर यांनी पाहिलं. त्यात कुणा एकाचा दोष नव्हता. डॉक्टरांना शिकवलंच असं जात होतं, की आधी रुग्णाची हकीकत विचारा, मग तपासा, मग निदान करा आणि त्यानंतर उपचार. बेशुद्ध माणूस हकीकत काय सांगणार? सहकाऱ्यांना घेऊन स्टायनर यांनी नवा अभ्यासक्रम तयार केला. 1978 मध्ये त्याचा पहिला वर्ग झाला आणि 1980 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. आज जगभर तो 'एटीएलएस' (ॲडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट) म्हणून शिकवला जातो, भारतातही.

त्याचा गाभा म्हणजे ए, बी, सी, डी, ई ही इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. आधी श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, त्यानंतर मेंदूची अवस्था आणि शेवटी कपडे काढून पूर्ण तपासणी. क्रम जीव जाण्याच्या वेगानुसार लावलेला आहे. निदान नंतरही करता येतं.

गंमत म्हणजे हा क्रमही पुढे बदलला. मांडीची मोठी रोहिणी तुटली तर श्वासमार्ग बंद होण्याआधीच माणूस रक्त गमावून मरू शकतो. युद्धभूमीवर हे वारंवार दिसलं, म्हणून लष्करी वैद्यकात सुरुवातच उसळत्या रक्तस्रावापासून करू लागले. एकेकाळी बदनाम झालेला टूर्निकेट, म्हणजे हातापायाला आवळून बांधायचा पट्टा, त्यामुळे सन्मानाने परत आला. आता नागरी प्रशिक्षणातही 'ए'च्या आधी रक्त थांबवणं आलं आहे.

त्याहून मोठी उलथापालथ सलाईनची झाली. आपल्याकडे सलाईन लागलं की नातेवाईकांच्या जिवात जीव येतो. पूर्वी डॉक्टरही भरपूर, दोन-दोन लिटर सलाईन सोडत. पण सलाईन प्राणवायू वाहून नेत नाही, त्यात रक्त गोठवणारे घटक नसतात, आणि खोलीच्या तापमानाचं सलाईन शरीर गार करतं. गोठण्याची रासायनिक साखळी थंडीत मंदावते. रक्त पोहोचत नाही तिथल्या पेशी आम्ल तयार करतात आणि त्याने ती साखळी आणखी बिघडते. म्हणजे माणूस जितका गार, तितका रक्तस्राव जास्त. आणि जितका रक्तस्राव जास्त, तितका तो आणखी गार. शिवाय रक्तदाब एकदम चढला तर नुकती धरलेली गुठळी निघून जाते. म्हणून आता सलाईन बेताचं, रक्त आणि प्लाझ्मा (रक्तातला गोठवणारे घटक असलेला द्रव भाग) लवकर, अंगावर उबदार पांघरूण. ते पांघरूण मला या सगळ्यातलं सर्वांत दुर्लक्षित औषध वाटतं.

खरंखुरं स्वस्त औषधही आहे: ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. पाळीत फार रक्त जाणाऱ्या बायकांना ते कित्येक वर्षं गोळ्यांतून दिलं जातं. ते तयार झालेली गुठळी विरघळू देत नाही. 40 देशांतल्या 20,000 हून अधिक जखमींवरच्या 'क्रॅश-2' चाचणीचे निष्कर्ष 2010 मध्ये आले: मृत्यूचं प्रमाण 16 टक्क्यांवरून 14.5 टक्क्यांवर. मात्र जखम झाल्यापासून तीन तासांनंतर दिलं तर फायदा नाही, उलट रक्तस्रावाने होणारे मृत्यू वाढलेले दिसले.

हे सगळं पुस्तकातून कळतं, पण हातात येत नाही. पाठ तपासायला रुग्णाला कुशीवर वळवायचं, एवढी साधी गोष्ट घ्या. एकजण डोकं आणि मान धरतो, तिघं खांदा, कंबर आणि पाय. हुकूम फक्त डोक्याजवळच्याचा: 'तीनवर. एक, दोन, तीन.' एकाने जरी घाई केली तर मणका पिळला जातो. प्रशिक्षणात हे पुन्हा पुन्हा करून घेतात. टीमचा प्रमुख शक्यतो रुग्णाला हातच लावत नाही; पायथ्याशी उभा राहून सगळ्यांवर नजर ठेवतो. सवय नसलेल्या डॉक्टरला हे हात बांधून उभं राहणं फार जड जातं.

या प्रशिक्षणाने मृत्यू नेमके किती कमी होतात, याचा नियंत्रित चाचण्यांतून मिळालेला पुरावा मात्र अजून तोकडा आहे. ज्ञान आणि कौशल्य वाढतं हे दिसलंय; सराव सुटला की तेही ओसरतं.

आणि रुग्णालयाच्या आधी रस्ता असतो. रक्त उसळत असेल तर 108 ला फोन लावायला कुणाला तरी सांगा, स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी जोर देऊन दाबा आणि थांबलं का हे बघायला सारखं उचलू नका. पोलिसांच्या चौकशीच्या धास्तीने मागे सरायचंही कारण नाही. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 134-अ आणि त्याखालच्या नियमांनुसार अपघातात मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही.