गेटवेला जाण्याआधी: पोर्टफोलिओतलं ‘आम्ही’ शोधून काढा

इंग्लंडमध्ये मॅनेजमेंटची अप्रेंटिसशिप करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे पत्रक आहे. त्यांचे पोर्टफोलिओ वाचून खुणा करणं आणि सराव-चर्चा घेणं हे आमचं काम. लेव्हल 3 चा टीम लीडर, लेव्हल 5 चा ऑपरेशन्स मॅनेजर, विद्यापीठातली चार्टर्ड मॅनेजर डिग्री किंवा लेव्हल 7 चा सीनियर लीडर, यांपैकी काहीही असलं तरी आमच्याकडे फोन बहुतेक एकाच टप्प्यावर येतो. गेटवे, म्हणजे शेवटच्या असेसमेंटआधी ‘तयार आहात’ अशी सही होण्याचा टप्पा, महिन्यावर आलेला असतो, पोर्टफोलिओ, म्हणजे कामाच्या पुराव्यांचा संग्रह, तयार आहे असं वाटत असतं, आणि ट्यूटरने शेरा मारलेला असतो: ‘यात तुम्ही कुठे आहात?’

आधी कोण काय करतं ते पाहू, कारण अर्धा गोंधळ तिथेच होतो. विद्यापीठ किंवा ट्रेनिंग प्रोव्हायडर तुम्हाला तयार करतो. साधारण दर बारा आठवड्यांनी तुम्ही, तुमचा लाइन मॅनेजर आणि कोच असा तिघांचा रिव्ह्यू होतो. पुरावे कोणत्या केएसबीला, म्हणजे कोणत्या ज्ञानाला, कौशल्याला किंवा वर्तनाला लागू होतात, हे कोच तपासतो. शेवटच्या असेसमेंटमध्ये पोर्टफोलिओवर चर्चा होते, तिच्यासाठी बहुतेक ठिकाणी एक सराव-चर्चाही घेतात. ती मागून घ्या, कारण न मागणाऱ्याची राहून जाते. गेटवेला तुम्ही तयार आहात यावर एम्प्लॉयर आणि प्रोव्हायडर सही करतात. त्यानंतर ही असेसमेंट घेणारा असेसर, म्हणजे परीक्षक, स्वतंत्र असतो. तुम्हाला शिकवलेल्या माणसाला सहसा ते काम करता येत नाही. चार्टर्ड मॅनेजर डिग्रीत असेसमेंट विद्यापीठाच्याच छताखाली होऊ शकते, तरीही समोरची व्यक्ती तुमच्या कामात न गुंतलेलीच हवी.

प्रोफेशनल बॉडीचं काम निराळं. चार्टर्ड मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे सीएमआय, ही बऱ्याच अप्रेंटिसांची असेसमेंट घेणारी संस्था असते. शिवाय तिच्याशी जोडलेल्या विद्यापीठातून डिग्री पूर्ण केलेल्यांना चार्टर्ड मॅनेजर हा व्यावसायिक दर्जा मिळण्याचा रस्ता तिच्याकडूनच जातो. सभासदांना तिचं ऑनलाइन साहित्य वापरता येतं आणि ते चांगलं आहे. तुमच्या कोर्समध्ये सभासदत्व धरलेलं आहे का, ते कोचला विचारा. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांनी ते एकदाही उघडलेलं नसतं.

शिकण्याचे किंवा असेसमेंटचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. सरकारी फंडिंगच्या नियमांप्रमाणे ट्रेनिंग आणि शेवटची असेसमेंट यांचा खर्च अप्रेंटिसवर टाकता येत नाही. म्हणून आमचं सगळ्यांना एकच सांगणं असतं: आधी विद्यापीठाकडून हक्काचं सगळं घ्या, कमी पडलं तर आमच्याकडे या.

आता मूळ दुखणं. पोर्टफोलिओत ‘आम्ही रोटा (पाळ्यांचं वेळापत्रक) बदलला’, ‘टीमने खर्च कमी केला’, ‘निर्णय घेण्यात आला’ अशी वाक्यं. इंग्रजीत लिहिलं की ती ‘वी’ने सुरू होतात. लिहिणारा खोटं बोलत नसतो. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणणं आगाऊपणाचं वाटतं. घरात ‘आम्ही बोललो त्यांच्याशी’ म्हणणारा माणूस बऱ्याचदा एकटाच बोललेला असतो. त्यात मराठीत ‘ठरलं’, ‘झालं’, ‘करण्यात आलं’ म्हटलं की कर्त्याची गरजच उरत नाही. वाक्य सुरेख वाचलं जातं आणि पुरावा पोकळ राहतो. (हे पत्रक आम्ही ‘आम्ही’नेच लिहिलंय, कारण परीक्षा आमची नाही.)

असेसर ग्रेड एका माणसाला देतो. टीमने केलेल्या कामाचं श्रेय त्याला तुमच्या नावावर टाकता येत नाही, टाकायची इच्छा असली तरीही. मग प्रत्येक उत्तरानंतर तो विचारत बसतो: ‘यात तुम्ही स्वतः काय केलंत?’ चर्चा एक तासाची धरा. असेसरला तुमचं सुरू असलेलं उत्तर पूर्ण करू देण्यासाठी साधारण दहा टक्के वेळ वाढवता येतो, त्याहून जास्त नाही. सहा मुख्य प्रश्नांवर अशी दोन-दोन मिनिटं खणण्यात गेली, तर बारा मिनिटं गेली. शेवटच्या दोन केएसबींना घाईत दोन वाक्यं मिळतात, आणि फेल होतं ते तिथे.

एक नमुना जवळून पाहा. मूळ वाक्य: ‘आम्ही रोटा बदलल्यामुळे एजन्सी स्टाफवरचा खर्च कमी झाला.’ यात चार प्रश्न अनुत्तरित आहेत. खर्च जास्त आहे हे कोणी ओळखलं? पर्याय कोणते होते? विरोध कोणाचा झाला? तुम्ही हाच पर्याय का निवडला? उत्तरं भरल्यावर तेच असं होतं: ‘तीन महिन्यांचे रोटा मी काढले. शुक्रवारच्या रात्रपाळीला दर महिन्याला एजन्सी लागत होती हे त्यात दिसलं. पाळी उशिरा सुरू करणं आणि दोघांना आलटून-पालटून देणं असे दोन पर्याय मी मॅनेजरपुढे ठेवले. एका सहकाऱ्याला मुलांच्या शाळेमुळे पहिला जमणार नव्हता, म्हणून मी दुसरा घेतला. आलटून-पालटून देण्याची कल्पना तिचीच होती.’ शेवटचं वाक्य गाळू नका. दुसऱ्याची कल्पना ओळखून ती अमलात आणणं हेही मॅनेजरचंच काम आहे, आणि असेसरला असा प्रामाणिकपणा आवडतो.

उरलेल्या चुका छोट्या, पण वेळखाऊ. बहुतेक असेसमेंट प्लॅनमध्ये, म्हणजे असेसमेंट कशी होणार ते सांगणाऱ्या अधिकृत कागदात, लिहिलेलं असतं की पोर्टफोलिओला थेट गुण नाहीत, तो चर्चेचा आधार आहे. त्यामुळे तीनशे पानांचा गठ्ठा कोणाच्या कामाचा नाही. मोजके पुरावे, आणि प्रत्येकाला दोन-तीन केएसबी जोडलेल्या, हे पुरेसं आहे. किती पुरावे हवेत ते तुमच्या प्लॅनमध्येच पाहा. आत्मपरीक्षणाचे लेख त्यात सहसा चालत नाहीत. विद्यापीठाच्या असाइनमेंटमध्ये तेच मागितलेलं असतं, म्हणून लोक ते उचलून पोर्टफोलिओत चिकटवतात. असाइनमेंट विद्यापीठाच्या गुणांसाठी असते. पुरावा म्हणजे ईमेल, बैठकीचे मिनिट्स, आराखडा, आकड्यांचा तक्ता. लाइन मॅनेजरचं साक्षीपत्रही चालतं, पण त्यात त्यांनी स्वतः पाहिलेलं लिहायचं. ‘फार मेहनती आहेत’ हे मत झालं. ‘12 मार्चच्या बैठकीत यांनी तक्रार हाताळली, ती मी पाहिली’ हा पुरावा झाला. काम तुमचंच आहे असं तुमचं आणि एम्प्लॉयरचं सहीचं निवेदनही लागतं. ते गेटवेच्या आदल्या दिवशी मागू नका, मॅनेजर नेमका रजेवर असतो.

प्लॅनची आवृत्तीही तपासा. तुम्ही सुरुवात केली तेव्हा लागू असलेली तुमची, शेजारच्या टेबलावरच्या मित्राची नव्हे. प्लॅन आता स्किल्स इंग्लंड या सरकारी संस्थेकडे असतात आणि ते बदलत राहतात. लेव्हल 7 ला नव्याने जाऊ पाहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं: जानेवारी 2026 पासून सरकारी फंडिंग मुख्यतः 16 ते 21 वयाच्या अप्रेंटिसांनाच मिळतं. चालू कोर्स यात अडकत नाहीत.

नापास झालात तर रीसिट आणि रीटेक हे दोन वेगळे मार्ग आहेत. रीसिटला पुन्हा शिकावं लागत नाही, रीटेकला लागतं. त्याला एम्प्लॉयरची संमती लागते. बहुतेक प्लॅनमध्ये दुसऱ्या वेळी पासच्या वरची ग्रेड मिळत नाही. डिस्लेक्सिया किंवा अन्य कारणाने जास्त वेळ हवा असेल, तर ते आधी सांगा. असेसमेंटनंतर त्याचा उपयोग नाही.

आमच्याविषयी दोन शब्द. आम्ही पोर्टफोलिओ लिहून देत नाही. काही जण नाराज होतात, पण चर्चेत पहिल्याच प्रश्नाला ते उघडं पडतं आणि कोर्स धोक्यात येतो. आम्ही वाचतो, खुणा करतो आणि इंग्रजीतून एक तासाची सराव-चर्चा घेतो, मध्येच ‘तुम्ही स्वतः?’ असं विचारत. शेवटचे तीन आठवडे राहिलेल्यांना आम्ही नवं काम म्हणून घेत नाही, कारण तेवढ्यात दुरुस्ती होत नाही, फक्त धास्ती वाढते. सहा आठवडे आधी आलात तर दोन फेऱ्या होतात.

येताना तुमच्या आवृत्तीचा प्लॅन, केएसबीचा तक्ता आणि तुम्हाला सर्वांत कमकुवत वाटणारे दोन पुरावे पाठवा. चांगले पाठवू नका, ते चांगलेच असतात. पाठवण्याआधी रुग्णांची नावं, सहकाऱ्यांचे पगार आणि ग्राहकांचे करार काळ्या पट्टीने झाका. नुसतं वर्डमध्ये काळं रंगवून चालत नाही, खालचा मजकूर कॉपी करता येतो. पट्टी मारून पानाचा फोटो काढा आणि तोच पाठवा.