माइकमध्ये ऐकू येणारे दीपनगर

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या पट्ट्यात घरच्या एका खोलीत अहिराणी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांची संख्या आता चांगलीच वाढली आहे. एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी), लॅपटॉप आणि फुकट मिळणारे ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर एवढ्या सामग्रीवर कानबाई देवीच्या गाण्यांपासून लग्नगीतांपर्यंत सर्व काही यूट्यूबवर चढते. या मंडळींची एक तक्रार हमखास असते: गायक श्वास घ्यायला थांबला की मागे ‘घूंऽऽ’ असा अखंड आवाज उरतो. त्यावरचे निदानही ठरलेले असते, ते म्हणजे माइक हलका आहे, महागातला घ्यायला हवा. बहुतेक वेळा या निदानावर पैसे वाया जातात, कारण त्या घूंचा उगम माइकपासून बराच दूर, आपल्या बाबतीत भुसावळजवळच्या दीपनगरला असतो.

दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रातील टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. त्याला जोडलेल्या जनित्राचा फिरता चुंबक दोन ध्रुवांचा असल्याने प्रत्येक फेऱ्याला विजेचे एक आवर्तन पूर्ण होते, आणि आपल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा (सेकंदाला ५० आवर्तनांचा) प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा, विद्युत दाब येतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले, तेव्हापासून संपूर्ण भारताची ग्रिड, म्हणजे हे वीजजाळे, एकाच तालात चालते. म्हणून शिरपूरच्या खोलीतली घूं आणि मदुराईच्या खोलीतली घूं एकाच वेळी एकाच वारंवारितेची असते. हा ताल अगदी ५० वर खिळलेला मात्र नसतो. विजेची मागणी एकदम वाढली की देशभरातील सारी टर्बाइने किंचित मंदावतात आणि मागणी घटली की किंचित वेग घेतात. ग्रिड संहितेने यासाठी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ असा पट्टा ठरवून दिला आहे. हे चढउतार कधीच हुबेहूब पुन्हा घडत नाहीत, त्यामुळे एखादे ध्वनिमुद्रण नेमके केव्हाचे आहे आणि त्यात काटछाट झाली आहे का, हे त्यातल्या घूंवरून न्यायवैद्यक तज्ज्ञ तपासू शकतात.

ही वीज गाण्यात शिरते कशी, हे समजायला दोन आकडे पुरेसे आहेत. भिंतीतल्या वायरीत २३० व्होल्ट असतात, तर तोंडाजवळ धरलेल्या डायनॅमिक माइकमधून साध्या बोलण्याने निघणारा विद्युत दाब एखाद-दोन मिलिव्होल्टच्या घरात असतो. हा इवलासा संकेत इंटरफेसमधला प्रीअ‍ॅम्प हजारपटीने वाढवतो, आणि वाटेत त्यात मिसळलेले सर्व काही तितकेच वाढते. यावर अभियंत्यांनी शोधलेला उपाय मला फार आवडतो. माइकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर केबलमध्ये संकेतासाठी एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा असतात, आणि त्यांच्याभोवती धातूची जाळी असते. माइकचा संकेत एका तारेत सुलट व दुसरीत उलट जातो. बाहेरची घूं मात्र दोन्ही तारांवर जवळजवळ सारखीच चढते, कारण पिळामुळे दोघी त्याच जागेतून गेलेल्या असतात. प्रीअ‍ॅम्प या दोन तारांमधला फक्त फरक मोजतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ पडली तर काटा हलत नाही, तसे घूंचे होते, आणि उलट-सुलट संकेत मात्र दुपटीने हाती येतो. चांगला इंटरफेस अशी सामाईक घूं सहज हजारपटीने दाबतो. पण हाच माइक मोबाईलला किंवा लॅपटॉपला जोडण्यासाठी एक्सएलआरवरून साध्या पिनेवर येणारी स्वस्त केबल वापरली, तर त्या केबलमध्ये दोनपैकी एक तार जाळीलाच जोडलेली असते. तराजूचे एक पारडे तिथेच जमिनीला टेकते. पिनेला सोन्याचा मुलामा असला तरी त्याने काही फरक पडत नाही; सोने गंजत नाही, एवढाच त्याचा गुण.

केबल योग्य असूनही घूं येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. चार्जरमधल्या एका लहान कपॅसिटरमधून अत्यल्प प्रवाह लॅपटॉपच्या धातूच्या अंगापर्यंत झिरपत असतो; लॅपटॉपच्या कडेवरून हलके बोट फिरवताना जाणवणारी झिणझिण ती हीच. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसल्याने हा प्रवाह जमिनीत जायची वाट यूएसबी, इंटरफेस आणि माइकच्या जाळीतून शोधतो. बॅटरीवर घूं थांबली, तर दोष सापडला. इंटरफेसच्या धातूला हात लावल्यावर ती कमी होत असेल, तर घराची अर्थिंग तपासून घ्यावी. आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, ओल जाते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा विजेला होणारा रोध वाढतो. म्हणून जुने वायरमन चैत्र-वैशाखात त्या खड्ड्यात पाणी ओतायला सांगतात, ते शास्त्राला धरूनच आहे. घूं घालवण्यासाठी प्लगची तिसरी, जाड पिन कापून टाकण्याचा सल्ला मात्र कोणीही ऐकू नये. त्याने घूं जाईलही, पण उपकरणात बिघाड झाल्यास माइक हातात धरलेल्या गायकाच्या अंगातून वीज जाऊ शकते.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करणाऱ्यांना घूंऐवजी कर्कश ‘झर्रर्र’ ऐकू येते, त्याचेही कारण आहे. स्वस्त इन्व्हर्टर गोलाईदार लहरीऐवजी चौकोनी लहर देतो, आणि चौकोनी लहरीत ५० सोबत १५०, २५०, ३५० अशा विषम पटींच्या लहरी दडलेल्या असतात. कान ५० हर्ट्झपेक्षा या वरच्या लहरी कितीतरी चटकन टिपतो. मोबाईलचा चिमुकला स्पीकर तर ५० हर्ट्झ जवळपास वाजवूच शकत नाही, त्यामुळे मोबाईलवर निर्मळ वाटलेले गाणे लग्नाच्या मांडवातल्या मोठ्या स्पीकरवर घुमायला लागते.

घूं झाकण्यासाठी गेन (संकेत वाढवण्याचे प्रमाण) वाढवणे हा उलटा उपाय आहे. त्याने आवाज आणि घूं सारखेच वाढतात, शिवाय एखाद्या चढ्या सुराला लहरीचे शेंडे छाटले जातात, आणि ते क्लिपिंग नंतर धड दुरुस्त होत नाही. त्यापेक्षा माइकच्या जवळ जावे. अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि विजेची घूं होती तिथेच राहते. स्लॅबच्या खोलीतला घुमाराही तुलनेने कमी होतो, जो धाब्याच्या घरातल्या मातीच्या जाड भिंतींत मुळातच कमी असे.

एवढे करून उरलेली घूं संपादनात काढता येते. ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर, म्हणजे ८० च्या खालच्या लहरी अडवणारी गाळणी, ५० ची लहर बरीचशी गाळतो, पण घूंमधल्या तिच्या पटींच्या १०० आणि १५० च्या लहरी तशाच राहतात, आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्येच असल्याने तिथे रुंद काप घेतला तर गायकच पोकळ वाटू लागतो. म्हणून नॉच फिल्टरने अगदी अरुंद काप घ्यावे लागतात. इथे ग्रिडचे चढउतार आडवे येतात: ५० च्या जागी ४९.९ झाले, तर दहाव्या पटीची लहर ५०० वरून ४९९ वर सरकते आणि अरुंद काप तिला चुकतो. ऑडॅसिटीतली नॉइज रिडक्शन ही सोय शांत भागाचा नमुना घेऊन त्यातली घूं ओळखते. म्हणून कालच्या रेकॉर्डिंगचा नमुना आजच्या गाण्याला लावू नये, आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला गायकाला काही सेकंद गप्प उभे करून ती शांतताही रेकॉर्ड करून ठेवावी.