मिठाची बरणी आणि मुरुमांचा चेहरा

जुलै लागला की आमच्या फोंड्याच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाझर फुटतो. तांदळाचे चार दाणे टाका, झाकण घट्ट लावा, तळाशी पाणी साचायचं ते साचतंच. पापड सादळतात, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागतात. अशाच एका दिवशी अकरावीतली एक मुलगी रसायनशास्त्राच्या तासानंतर मागे थांबली आणि म्हणाली, "टीचर, म्हज्या तोंडार घाणो चलता." चेहऱ्यावर तेलाचा घाणा चालू, कपाळभर मुरूम, आणि डॉक्टरांनी मुरुमांच्या मलमाबरोबर मॉइश्चरायझरही लिहून दिलेलं. ते विकत आणायला आई तयार नाही. हवेत एवढं पाणी, चेहऱ्यावर एवढं तेल, मग त्यावर आणखी क्रीम कशाला?

आईचा प्रश्न मला रास्त वाटला. फक्त त्यात एक जुनी गल्लत आहे. तेलकट म्हणजे ओलसर, असं आपण धरून चालतो.

१९५२ साली अर्विन ब्लँक या अमेरिकी संशोधकाने ही गल्लत फार साध्या प्रयोगाने सोडवली. पायाला पडलेल्या घट्ट्याची वाळलेली कातडी घेतली आणि तेलात भिजत घातली. ती कडकच राहिली, वाकवली की मोडायची. तीच कातडी पाण्यात टाकल्यावर मऊ पडली. त्वचेला मऊ ठेवतं ते पाणी. तेलाने फार तर असलेलं पाणी उडून जायला वेळ लागतो. याचा दुसरा पुरावा घरात हिंडत असतो. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर त्वचेचं तेल जवळजवळ नसतंच, कारण तैलग्रंथी जोमाने कामाला लागतात त्या वयात येताना. तरी त्या गालांसारखे मऊ गाल मोठ्या माणसांत सापडत नाहीत.

पाणी धरून ठेवण्याचं काम त्वचेचा सगळ्यात वरचा, कागदाहून पातळ थर करतो. त्याची रचना आपल्याकडच्या चिऱ्याच्या भिंतीसारखी असते. चपट्या, मृत पेशी म्हणजे चिरे, आणि त्यांच्या फटींत भरलेला मसाला म्हणजे स्निग्ध पदार्थ. या मसाल्यात साधारण निम्मा वाटा सेरामाइड्सचा, बाकी मुख्यतः कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. तैलग्रंथींतून येणारं तेल वेगळं, ते या भिंतीवरून नुसतं ओघळतं. म्हणून वरून चकचकीत आणि आतून तहानलेला चेहरा असू शकतो. भिंत ओघळाने ओली दिसते आणि फटी मात्र रिकाम्या असतात.

मुरुमांच्या त्वचेत नेमकं हेच घडत असल्याचं १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. मुरूम असलेल्यांच्या त्वचेतून पाणी जास्त उडत होतं आणि सेरामाइड्स कमी होते. त्यात आपण भर घालतो. चेहरा तेलकट म्हणून दिवसातून पाच वेळा साबण. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच) ५ च्या आसपास. अंगाच्या साबणाचा ९ ते १०, म्हणजे नेमका उलट, अल्कधर्मी. शिवाय उपचाराची औषधंही कोरडी पाडणारी. ॲडापलीन आणि ट्रेटिनॉइन पेशींची उलाढाल वाढवून बंद रंध्रं मोकळी करतात, बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तिन्ही कातडी सोलवटतात. मग मुलं कंटाळून मलमच सोडतात. डॉक्टर मॉइश्चरायझर लिहितात त्यामागचं मोठं कारण हे असतं. क्रीमने मुरूम जात नाहीत. क्रीममुळे मुरुमांचं औषध सोसतं.

आणि हेही सांगते, जरी बाटल्या विकणाऱ्यांना आवडणार नाही: औषध चालू नाही, साबणाचा मारा नाही, चेहरा ओढल्यासारखा वाटत नाही, अशा माणसाला गोव्याच्या जुलैत मॉइश्चरायझर नसलं तरी चालेल. दिवसभर एसीत बसणाऱ्याचं गणित वेगळं. डिसेंबरात पहाटे घाटावरून कोरडं वारं उतरायला लागलं की सगळ्यांचंच वेगळं.

आता मिठाच्या बरणीकडे परत. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्याच पाण्यात विरघळू लागतं. पावसाळ्यात आपण ७५ च्या खाली क्वचित उतरतो, म्हणून तांदळाचे दाणे हरतात. पाणी ओढून धरण्याचा हाच गुण ग्लिसरीनमध्ये आहे, हायल्युरॉनिक आम्लात आहे, युरियात आहे. त्वचेच्या वरच्या थरातही असे जलप्रेमी रेणू निसर्गतःच असतात. मॉइश्चरायझरमध्ये ग्लिसरीन असतं ते यासाठी, आणि माझ्या मते महागड्या नावांच्या आधी तेच शोधावं. स्वस्त आहे, जुनं आहे, काम करतं आणि रंध्रं बुजवत नाही.

ओढलेलं पाणी टिकवायला वर झाकण लागतं. पावसाआधी मातीच्या भिंतींना माडाच्या झावळ्यांची झापं बांधत, तसं. पेट्रोलियम जेली हे सगळ्यात घट्ट झाप. ती चिकट असली तरी शुद्ध रूपात मुरूम आणत नाही, असं दिसून आलं आहे. पण आपल्या उकाड्यात ती चेहऱ्यावर कोण सहन करणार? ओठांपुरती ठीक. चेहऱ्याला डायमेथिकोन हे सिलिकोन बरं. पातळ थर बसतो, चिकटपणा नाही.

तर मग घरचं खोबरेल का नको? या प्रश्नावर गोव्यात जपून बोलावं लागतं. भाटातले, म्हणजे बागेतले, नारळ, घाण्यावरून गाळून आणलेलं तेल, बाळाच्या टाळूपासून आजोबांच्या गुडघ्यापर्यंत सगळीकडे तेच. अंगाच्या कोरड्या कातडीला ते चांगलंच आहे. फिलिपीन्समधल्या चाचण्यांत इसबाच्या कोरड्या त्वचेवर त्याचा फायदा दिसला आहे. मुरुमांवरही ते गुणकारी, असं सांगणाऱ्यांचा आधार असतो लॉरिक आम्ल. खोबरेलातल्या मेदाम्लांत जवळपास निम्मं तेच, आणि प्रयोगशाळेत ते मुरुमांच्या जंतूला मारतं, हे खरं आहे. पण तिथे वापरलेलं लॉरिक आम्ल सुटं होतं. बाटलीतल्या तेलात ते ग्लिसरॉलशी बांधलेलं असतं, आणि ते अख्खं तेल आधीच तुंबलेल्या रंध्रावर जाऊन बसतं.

दुसरी अडचण खास आपल्या हवेची. मॅलसेझिया नावाची एक बुरशी सगळ्यांच्याच त्वचेवर राहते. तिला स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत, म्हणून ती आपल्या तेलावर जगते. घाम, उकाडा आणि आयतं तेल मिळालं की केसांच्या मुळांशी माजते. कपाळावर, छातीवर, पाठीवर सारख्या आकाराचे बारीक, खाजणारे पुरळ उठतात. दिसायला मुरूम, पण मुरुमांच्या औषधाने हटत नाहीत. बुरशीचं औषध लागतं. फोड एकसारखे असतील आणि खाजत असतील तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा.

तिसरी गोष्ट कपाळाची. १९७० मध्ये अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी केसांना चोपडायच्या पोमेडमुळे कपाळावर आणि कानशिलांवर उठणाऱ्या मुरुमांचं वर्णन केलं. आपल्या मुली रात्री केस तेलाने चप्प करून वेणी घालतात, तेल उशीवर येतं आणि उशीवरून गालावर. त्या मुलीचे मुरूम कपाळावर दाट आणि हनुवटीवर तुरळक होते. मी डॉक्टर नाही, पण वेणीकडे माझं लक्ष गेलंच.

कोकमाच्या बियांचं थिजलेलं तेल टाचांच्या भेगांना आणि थंडीतल्या ओठांना उत्तम. मुरुमांच्या चेहऱ्यावर इतकं जड काही थापू नये.

डबीवर 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेलं असतं, म्हणजे रंध्रं न बुजवणारं. शब्द शास्त्रीय वाटतो, त्याची जन्मकथा मात्र सशाच्या कानात आहे. १९७२ मध्ये क्लिगमन आणि मिल्स या अमेरिकी संशोधकांनी सौंदर्यप्रसाधनांतले घटक सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला लावून कुठल्या घटकाने रंध्रं तुंबतात ते पाहिलं. सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा फार लवकर तुंबतो. त्या धर्तीच्या चाचण्यांतून निघालेल्या शून्य ते पाच गुणांच्या याद्या आजही मोबाइलवर फिरतात, आणि त्यात खोबरेल, कोको बटर, आयसोप्रोपिल मायरिस्टेट वरच्या नंबरांना असतात. याद्या निरुपयोगी नाहीत, पण शुद्ध घटकाचा गुण आणि क्रीममधल्या चिमूटभराचा गुण एक नव्हे. २००६ मधल्या एका तपासणीत 'तुंबवणारे' घटक असलेली तयार क्रीमं माणसांच्या त्वचेवर लावली, तर ती तुंबवतीलच असं दिसलं नाही. भारतात प्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना २०१४ पासून बंदी आहे. लेबलवरच्या त्या शब्दाला मी निम्मे गुण देते, बाकीचे निम्मे मागच्या बारीक अक्षरांना.

बारीक अक्षरं वाचण्याची युक्ती सोपी. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे पहिली पाच-सहा नावं म्हणजे बहुतेक क्रीम. पाण्यानंतर लगेच ग्लिसरीन दिसलं की बरं वाटतं. पुढे डायमेथिकोन, सेरामाइड, निआसिनामाइड असेल तर आणखी चांगलं. निआसिनामाइड म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप. १९९५ च्या एका चाचणीत आठ आठवड्यांनंतर त्याचं ४ टक्के जेल १ टक्का क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाच्या जेलच्या बरोबरीने उतरलं होतं. क्रीममध्ये त्याचं प्रमाण बहुधा कमी असतं, तेव्हा चमत्काराची वाट पाहू नये. खोबरेल किंवा कोको बटर पहिल्या पाचांत असेल तर डबी परत फळीवर. 'हर्बल' या शब्दाला माझ्याकडे शून्य गुण. खोबरेलही हर्बलच की.

जेल की क्रीम? आपल्या हवेत तेलकट चेहऱ्याला जेल, हे सगळे सांगतात आणि बरोबरच आहे. पण घामेजल्या चेहऱ्यावर जेल लावलं की कधीकधी त्याचं पाणी होतं किंवा मळासारख्या वळ्या सुटतात. हा दोष घामातल्या मिठाचा. पुष्कळशा जेलना घट्टपणा येतो कार्बोमर नावाच्या बहुवारिकामुळे (पॉलिमरमुळे). त्याच्या लांब साखळ्यांवर ऋण भार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर ढकलत पसरतात आणि मधल्या जागेत पाणी धरतात. मिठातले सोडियम आयन आले की ढकलाढकली संपते, साखळ्या आखडतात, पाणी सुटतं. वर्गात मी हा प्रयोग करून दाखवला: बशीत चमचाभर जेल, वर चिमूटभर मीठ, काडीने ढवळलं. क्षणात त्याचं सरबत झालं. तेव्हा मिरामारला समुद्रात डुंबून आल्यावर किंवा बसमधून घामाघूम उतरल्यावर आधी साध्या पाण्याने तोंड धुवायचं, टिपायचं, आणि चेहरा किंचित ओला असतानाच जेल लावायचं. वाटाण्याएवढं पुरतं.

औषध झोंबत असेल तर आधी मॉइश्चरायझर, दहा-पंधरा मिनिटांनी ॲडापलीन, असा क्रम डॉक्टरांना विचारून ठेवावा. नवीन क्रीम पहिल्या दिवशी सगळ्या तोंडाला फासू नये. जबड्याच्या एका बाजूला दोन-तीन आठवडे लावून पाहायचं, कारण ॲलर्जी दोन-चार दिवसांत कळते, रंध्रं तुंबायला मात्र आठवडे लागतात. आणि शेजारणीने सुचवलेली 'गोरं करणारी' मलमं नकोतच. त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं. आठवडाभर चेहरा काचेसारखा दिसतो, पुढे त्यानेच मुरूम उठतात आणि कातडी विरते.

मुलीची आई नंतर शाळेत भेटल्या. क्रीम आणलं होतं, पण मनात तेलाचंच होतं. "टीचर, मग केस कोरडेच ठेवायचे?" छे. तेल रविवारी सकाळी लावायचं, कपाळापासून दोन बोटं मागे, आणि तासाभराने डोकं धुवायचं. रात्री उशीवर तेल नको. आणि उशीचा अभ्रा पांढरा घ्या, कारण मलमातलं बेंझॉइल पेरॉक्साइड रंगीत कापडाचा रंग उडवतं.