फुग्याचे तोंड रुंद असते तेव्हा

परळच्या मोठ्या रुग्णालयांत मेंदूची अँजिओग्राफी झाल्यावर डॉक्टर नातेवाइकांना कधी कधी सांगतात, ‘नसेला फुगा आहे, पण त्याचे तोंड मोठे आहे.’ फुगा म्हणजे अॅन्युरिझम, रक्तवाहिनीच्या कमकुवत भिंतीला आलेला फुगवटा, हे बहुतेकांना समजते. ‘पण’ का, ते समजत नाही. फुग्याचे तोंड 4 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल, किंवा फुग्याची रुंदी तोंडाच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तर त्याला सर्वसाधारणपणे रुंद तोंडाचा म्हणतात. रक्तवाहिनीच्या आतून होणाऱ्या उपचारांचा गेल्या तीन दशकांचा बराचसा इतिहास या तोंडाभोवतीच फिरला आहे.

परळचे केईएम रुग्णालय 1926 मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या क्ष-किरणांवर प्रथम दाखवल्या. फुगा दिसू लागल्यावर तो बंद करण्याचा विचार करता आला. 1937 मध्ये वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून अशा फुग्याच्या मुळाशी धातूची क्लिप बसवली, आणि पुढे कित्येक दशके हाच मुख्य मार्ग राहिला. क्लिप बाहेरून बसत असल्याने तोंड रुंद असले तरी शल्यविशारदाला तिची जागा आणि कोन जुळवून घेता येतो. आतून जाणाऱ्याला ती सोय नव्हती.

आतून जाण्याची वाट मॉस्कोच्या फ्योदोर सर्बिनेन्को यांनी दाखवली. रक्तवाहिनीत नेऊन सोडता येणाऱ्या फुग्यांवरचा त्यांचा लेख 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. लाल चौकातल्या मे दिनाच्या मिरवणुकीत मुलांच्या हातचे फुगे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, फुग्याचा इलाज फुग्याने करण्याची ही गंमत खरीच. त्यानंतर लॉस एंजेलिसमध्ये इटालियन डॉक्टर ग्विडो गुग्लिएल्मी यांनी प्लॅटिनमची मऊ कॉइल तयार केली. पोलादी तारेच्या टोकाशी जोडलेली ही कॉइल फुग्यात वेटोळी होऊन तो भरून टाकते आणि सौम्य वीजप्रवाह सोडला की सांधा विरघळून ती सुटते. 1990 मध्ये ती प्रथम रुग्णावर वापरली गेली, 1995 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली.

अडचण मात्र येथेच उघड झाली. अरुंद तोंडाच्या तांब्यात सोडलेली तार आतच राहते, परातीत सोडलेली बाहेर ओघळते; तशी रुंद तोंडातून कॉइल मुख्य धमनीत सरकली तर पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॉइल आणि क्लिप यांची तुलना करणाऱ्या 2143 रुग्णांच्या आयसॅट चाचणीत एका वर्षानंतर मृत वा परावलंबी रुग्णांचे प्रमाण कॉइलच्या गटात 23.7 टक्के आणि क्लिपच्या गटात 30.6 टक्के आढळले. हा आकडा आजही सर्रास उद्धृत होतो, पण त्या चाचणीत दोन्ही उपचारांना योग्य ठरणारे फुटलेले फुगेच घेतले होते. रुंद तोंडाचा प्रश्न त्यातून सुटला असे मानणे मला घाईचे वाटते.

त्या प्रश्नावर पॅरिसच्या जॅक मोरे यांनी 1990च्या दशकात एक साधी युक्ती काढली : कॉइल भरताना धमनीत तोंडापाशी छोटा बलून फुगवून धरायचा आणि काम झाले की काढून घ्यायचा. पुढे बलूनच्या जागी कायमची जाळी, म्हणजे निटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचा स्टेंट आला. मात्र धमनीतील धातूवर गुठळी जमू नये म्हणून अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या द्याव्या लागतात, आणि फुगा नुकताच फुटून मेंदूत रक्त सांडले असेल तर रक्त पातळ करणारी तीच औषधे धोक्याची ठरतात.

2011 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘पाइपलाइन’ नावाच्या, धमनीतच बसणाऱ्या जाळीने विचारच उलटा केला. तिच्या 48 बारीक तारांच्या दाट विणीमुळे फुग्यात शिरणारे रक्त मंदावते, काही महिन्यांत आतले रक्त गोठते आणि जाळीवर धमनीचे नवे अस्तर चढते. धमनीला फाटा फुटतो तिथल्या फुग्यांना मात्र ही जाळी सहज मानवत नाही. त्यांच्यासाठी निटिनॉलची टोपलीसारखी ‘वेब’ आली, जी फुग्याच्या आतच राहते.

ही उपकरणे महाग असतात आणि मुंबईत आधी विचारला जातो तो खर्चच. पण कोकणातून परळला आलेल्या रुग्णाला जाळी बसवली असेल, तर काही महिन्यांनी तपासणीच्या अँजिओग्राफीसाठी पुन्हा यावे लागते. तोवर गावाकडे कोणी, अगदी दात काढण्यासाठीसुद्धा, त्या दोन गोळ्या थांबवायला सांगितल्या, तर जाळी बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायच्या नसतात.