उद्यमनगरातला एक्सपी का हलत नाही?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत जुन्या सीएनसीशेजारी (संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या यंत्राशेजारी) विंडोज एक्सपीचा पीसी दिसला, की बाहेरचा माणूस ‘नवा घ्या की’ म्हणून मोकळा होतो. पण अडचण पैशांचीच असते असं नाही; मशीनला प्रोग्राम पाठवणारं जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, हीही असते.

एका यंत्रावर अनेकांची कामं चालवायची तर मेमरी आणि प्रोसेसरचा वेळ वाटून देणारं कुणीतरी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, लागतं. मोठ्या संगणकांवर हे साठच्या दशकातच जमलं होतं. १९८१ च्या पीसीवरची डॉस ही सिस्टीम त्या मानानं मागासच. एका वेळी एक प्रोग्राम, जेमतेम ६४० केबी मेमरी, फायली ठेवण्या-काढण्याची सोय. बाकी प्रोग्रामनं आपलं आपण बघायचं. कॉम-१ या सिरियल पोर्टमधून (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीतून) मशीनला डेटा सोडायचा तर थेट ३एफ८ या पत्त्यावर लिहायचं, मध्ये कुणी अडवणारं नाही. त्या काळातली अनेक सॉफ्टवेअर अशीच लिहिली गेली.

१९९३ साली आलेल्या विंडोज एनटीनं हा मोकळेपणा बंद केला: पोर्टला हात लावायचा तर सिस्टीममार्फतच. एक प्रोग्राम अडकला तरी बाकीचे बुडू नयेत, हा हेतू. २००१ च्या एक्सपीनं हीच रचना घराघरांत नेली. तरी ३२-बिट एक्सपीत डॉस प्रोग्रामसाठी एक नकली डॉस ठेवलेला होता आणि बरीचशी कामं त्यावर भागत.

खरा वाद पुढचा आहे. ६४-बिट विंडोजमधून १६-बिट प्रोग्रामचा आधारच काढून टाकला. कारण असं दिलं जातं, की प्रोसेसर ६४-बिट अवस्थेत गेला की डॉससाठी वापरली जाणारी त्याची खास अवस्था मिळत नाही. डॉसपुरतं हे पटतं. पण विंडोज ३.१ च्या काळातल्या १६-बिट प्रोग्रामना ती अवस्था लागतच नाही. ६४-बिट लिनक्सवर ‘वाईन’मधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) ते चालवता येतात. म्हणजे तिथे अशक्यतेपेक्षा सांभाळण्याचा कंटाळा जास्त दिसतो. फटका कुठे बसतो? नव्वदच्या दशकातल्या कित्येक ३२-बिट सॉफ्टवेअरची सेटअप फाईल १६-बिट होती. सॉफ्टवेअर कदाचित चालेलही, पण इन्स्टॉलच होत नाही. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती ही पळवाट होती. तिचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटच आहे.

नव्या पीसीवर डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रोग्राम उघडला, तरी बहुधा सिरियल पोर्टच नसतो. यूएसबी कन्व्हर्टर लावला, की मशीननं ‘थांब’ म्हटल्यावरही कन्व्हर्टरच्या बफरमधली (तात्पुरत्या साठ्यातली) काही अक्षरं पुढे जातात. मशीनचा बफर भरतो, अलार्म येतो, मशीनला जाणारा लांबलचक प्रोग्राम मध्येच तुटतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट सेटिंग्जच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन पाठवण्याचा बफर कमीत कमी करावा, किंवा बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) ९६०० वरून ४८०० वर आणावा; मशीनच्या पॅरामीटरमध्येही तोच रेट हवा. डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट ही सिरियल पोर्टची सेटिंग्ज पीसी आणि मशीन दोन्हीकडे जुळली नाहीत तर प्रोग्रामऐवजी कचरा जातो. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबीत खोचला की कॉम नंबर बदलू शकतो. तो तिथेच, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये, पूर्वीचा करून घ्यावा लागतो.